सतरा नंबरचं दूध

पहिल्या दिवशी कॉलेजानं मला शाल, नारळ आणि चकचकीत कागदात गुंडाळलेला गुच्छ दिला. मी विभागप्रमुखांना तिथल्या तिथं सांगितलं, "सर, नारळ ठेवते, चटणीला होईल. पण पुढच्या खेपेला गुच्छ दिलात तर फाटकातनंच माघारी जाईन." त्यांना वाटलं, बाई विनोद करतायत. पुढच्या खेपेला पुन्हा गुच्छ आला आणि मी खरंच घरी निघून आले. तेव्हापासून गुच्छ बंद झाले आणि 'मॅडम जरा तिखट आहेत' अशी बातमी पसरली. मला ती बरी सोयीची पडली.

हल्ली अशी पद्धत आहे की शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी कंपनीत काम केलेलं एखादं माणूस जोडून द्यायचं. त्याला मेंटॉर म्हणतात. मी पुण्यातली नोकरी संपवून नगरला सावेडीत राहायला आले तेव्हा कॉलेजानं विचारलं. आमच्या घरातून लगेच परवानगी मिळाली. हे म्हणाले, "घरी बसलीस तर दिवसभर माझ्या चुका काढशील. त्यापेक्षा पोरांच्या काढ."

चुका काढणं हाच माझा धंदा होता. आमची कंपनी परदेशातल्या बँकांसाठी कार्डावरची लबाडी पकडायची. सांगायला सोपं आहे. एखादा माणूस रोज काय घेतो, कुठं घेतो, किती वाजता घेतो, हे यंत्राला शिकवायचं. मग एके दिवशी त्याच्या कार्डावर भलतंच काही घेतलं गेलं की यंत्र बोंब मारतं आणि कार्ड थांबतं. बहुतेक वेळा कार्ड चोरीला गेलेलं असतं. पण यंत्राला चोर कळत नाही. त्याला फक्त 'हे नेहमीसारखं नाही' एवढंच कळतं. माझ्या उमेदवारीच्या काळात असंच एका म्हाताऱ्याचं कार्ड आम्ही थांबवलं. वर्षानुवर्षं पाव, अंडी आणि मांजराचं खाणं यापलीकडं काही न घेणाऱ्या त्या गृहस्थानं एका दिवसात सूट, बूट, ढीगभर फुलं आणि तीन मजली केक घेतला. आम्हाला वाटलं, चोरानं मजा केली. म्हातारा लग्न करत होता. त्याच्यासाठी कार्ड पुन्हा चालू करताना आमचा अख्खा मजला हसला, पण केकच्या दुकानात उभ्या असलेल्या त्या नवरदेवाला काय वाटलं असेल हे आम्हाला कधी कळलं नाही.

कॉलेजात आल्यावर पाहिलं तर बहुतेक सगळ्या गटांचे प्रकल्प एकसारखे, इंटरनेटवर आयत्या मिळणाऱ्या डेटावरचे. कुणी बुडालेल्या जहाजातले प्रवासी मोजतंय, कुणी परदेशी फुलांच्या पाकळ्या. भंडारदऱ्याचा एक मुलगा अमेरिकेतल्या घरांच्या किमती सांगत होता. मी विचारलं, "बाबा, तुझ्या घरचे काय करतात?" म्हणाला, "धरणापाशी तंबू भाड्यानं देतो, मॅडम. काजव्यांच्या टायमाला लई गर्दी." मी म्हटलं, मग तंबू किती लागतील ते काढ की, अमेरिकेत घर घ्यायचंय का तुला? त्याच दिवशी मी नियम केला: एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरातलाच डेटा घ्यायचा. आकड्यांत काही खटकलं तर जाऊन बघता आलं पाहिजे. मुलांनी तोंडं वाकडी केली. तंबूवाला मात्र खूश झाला.

त्याच वर्षी साक्षी आणि ओंकार हा दोघांचा गट माझ्याकडं आला. ओंकार पुणतांब्याचा, बागायतदाराच्या घरचा, बोलण्यात पटाईत. माईक दिसला की त्याला स्फुरण चढायचं. साक्षी काष्टीच्या पुढच्या एका लहान गावातली, होस्टेलला राहणारी. कमी बोलायची, आणि बोलली तरी आधी मनातल्या मनात वाक्य पुसून स्वच्छ करून मग बाहेर काढायची, हे मला दिसायचं. काम निम्म्याहून अधिक तीच करायची. ओंकारला ते मान्य होतं, हा त्याचा मोठेपणा.

त्यांना मी एक दूधसंघ जोडून दिला. ज्यांना दुधातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गावोगावी संकलन केंद्रं असतात. सकाळ-संध्याकाळ शेतकरी तिथं दूध घालतो, केंद्रावर ते मोजतात, फॅट बघतात, कॅन भरतात आणि संघाचा टेम्पो ते घेऊन जातो. आता दुसऱ्या एखाद्या डेअरीनं लिटरमागं थोडा जास्त भाव दिला, तर केंद्रवाला चार कॅन हळूच तिकडं सरकवू शकतो. संघाचे व्यवस्थापक काळे साहेब दोन वर्षांपूर्वी नव्यानं आलेले, मूळचे शेवगावकडचे. त्यांना याचाच घोर लागला होता. ते म्हणाले, "मॅडम, दूध कुठंतरी मुरतंय. कोण मुरवतंय तेवढं पोरांना शोधून द्यायला सांगा." त्यांनी दोन वर्षांचा डेटा दिला. केंद्रांची नावं काढून नुसते नंबर ठेवले होते. आमच्या धंद्यात हीच रीत आहे. नाव दिसलं की माणूस नातं लावतो.

मुलांनी जीव तोडून काम केलं. त्यांच्या मॉडेलनं, म्हणजे त्यांनी शिकवलेल्या यंत्रानं, सगळी केंद्रं चाळली आणि सतरा नंबरवर येऊन बोट ठेवलं. दोन्ही वर्षी या केंद्राचं संध्याकाळचं दूध अचानक काही दिवस पार आटायचं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू व्हायचं. गुरांचा आजार म्हणावा तर सकाळचं दूध ठणठणीत. ठरावीक हंगाम म्हणावा तर पहिल्या वर्षीच्या तारखा आणि दुसऱ्या वर्षीच्या तारखा वेगळ्या.

काळे साहेबांच्या ऑफिसात ओंकारनं हे झोकात मांडलं. शेवटच्या स्लाईडवर लाल चौकट, त्यात सतरा आणि खाली 'संशयित केंद्र'. साहेबांनी टेबलावर थाप मारली. "सतरा ना? मला वाटलंच होतं. रंजनाबाईंचं केंद्र. सारखी 'दूध चोख, दूध चोख' म्हणत असते. एक तारखेपासून टेम्पो बंद करतो तिचा." चहा आला. ओंकार साहेबांशी हसून बोलत होता. साक्षी लॅपटॉपची वायर गुंडाळत होती, उलगडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

परत येताना ओंकार कॉलेजपाशी उतरला. साक्षीला गावी जायचं होतं म्हणून मी तिला माळीवाड्याच्या स्टँडवर सोडायला निघाले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती समोरच्या काचेकडं बघत म्हणाली, "मॅडम, सतरा नंबर म्हंजी माझी आई हाय."

हिरवा झाला तरी मला कळलं नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. मी गाडी रसवंतीपाशी कडेला घेतली.

"आई दूध दुसरीकडं घालते?"

"न्हाई."

"मग ते दिवस कसले?"

"सप्ता असतो, मॅडम." वाक्यं स्वच्छ करण्याचं तिचं काम आता थांबलं होतं. "आमच्या गावात सप्ता बसला की सातही दिस संध्याकाळचं दूध कुनी इकत न्हाई. समदं देवळात. त्याची खीर हुती. आजोबांच्या टायमाला गुरं दगावली हुती, तवापासून गावानं बोललंय तसं. आईच समद्यांचं दूध गोळा करून देवळात देती."

सप्ता म्हणजे हरिनाम सप्ताह. सात दिवस भजन, कीर्तन, संध्याकाळी पंगत. नगर जिल्ह्यात सप्ता नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. मला रागच आला. "अगं, तीन महिने हा डेटा तुझ्या डोळ्यांसमोर आहे. सात दिवस, फक्त संध्याकाळचं दूध. तुझ्या डोक्यात एकदाही आलं नाही?"

"तारखा येगळ्या हुत्या ना, मॅडम. सप्ता तिथीनं असतो. इंग्रजी तारखेत दर वरसाला मागंपुढं सरकतो." ती थोडं थांबली. "आन् आलं असतं डोक्यात तरी काय? सप्त्याचा कॉलम कुठं हाय डेटात? घरचं काय तिथं चालतं, आसं वाटलंच न्हाई."

चार वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून या मुलीला हेच शिकवलं होतं की वर्गात येताना घर बाहेर चपलांपाशी काढून ठेवायचं. तिनं ते इमानेइतबारे केलं होतं.

मग ती रडली. टेम्पो बंद झाला तर गावाला दूध घेऊन काष्टीपर्यंत जावं लागेल, त्याचं तिला एवढं काही नव्हतं. "लोक म्हनतील रंजीनं खाल्लं. आन् तिला चोर मी ठरीवलं, माझ्या हातानं. तिला कळायच्या आत कायतरी करा, मॅडम." मी तिला उसाचा रस पाजला आणि शब्द दिला. शब्द दिल्यावर मला धास्ती वाटली, कारण साहेबांकडचं पत्र टाईप होऊन सहीला गेलंही असेल.

सोमवारी मी दोघांना बोलावलं आणि ओंकारला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण तो लढला. "मॅडम, मॉडेल चुकलं न्हाई. दूध घटलंय हे तर खरंय."

"घटलंय हे खरंय. संशयित कोण म्हणालं? मॉडेल म्हणालं, का तुझी स्लाईड?"

मी साक्षीला सांगितलं, तू आता याला हात लावायचा नाहीस. तुझं घर आहे, तू काही शोधून काढलंस तरी लोक म्हणणार, पोरगी आईची बाजू घेतेय. ज्यानं लाल चौकट काढली त्यानंच ती तपासायची. ओंकार म्हणाला, "कसं तपासू?" मी म्हटलं, "भिंतीवरचं कॅलेंडर काढ, तिथी बघ. आणि एकट्या सतराची नको, सगळ्या केंद्रांना फोन लाव. सप्ता कधी असतो आणि त्यात दुधाचं काय करता, एवढं विचार."

बोलण्यात पटाईत मुलगा पहिल्यांदा बोलण्यानं रडकुंडीला आला. निम्म्या गावांना वाटलं, हा वर्गणी मागतोय. त्यांनी फोनच कापले. एका गावानं सांगितलं, "महाराज, यंदाचं कीर्तन दुसऱ्या बुवांना दिलंय, तुमी पुढच्या साली बघा." ओंकारनं तिथं मी महाराज नाही हे पटवून द्यायला इतका वेळ घालवला की शेवटी त्या माणसानंच त्याला सप्त्याला जेवायला बोलावलं. पण तो चिवटपणे लागला. बहुतेक गावांत फक्त शेवटच्या, काल्याच्या दिवशी दूध कमी यायचं. तो खड्डा एका दिवसाचा, म्हणून कुणाच्या नजरेत भरला नव्हता. सतरा नंबरचाच सात दिवसांचा होता, आणि दोन्ही वर्षी तो तिथीला तिथी बरोबर बसला.

ओंकारनं स्वतःहून डेटात एक नवा कॉलम टाकला आणि त्याला नाव दिलं 'सप्ता'. पुढं परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, हे कुठल्या पद्धतीचं संक्षिप्त रूप आहे? साक्षीनं उत्तर दिलं तेव्हा तिच्या घरच्याच बोलीत दिलं आणि वाक्य पुसत बसली नाही. पण ते नंतरचं.

काळे साहेबांना मी सगळं सांगितलं, साक्षी कुणाची मुलगी आहे हेही. लपवून काम झालं असतं तर ते टिकलं नसतं. साहेब खुर्चीत मागं रेलले. "मॅडम, तुम्ही मोठ्या आहात, पण खरं सांगू? पोरीला वाचवायला तुम्ही मध्ये देव आणलात. आमच्याकडं सप्त्याला पिठलं-भाकरी असते. सात दिवस गावाचं दूध खिरीत? तिथ्या काय, कुणीबी जुळवतं."

माणूस वाईट नव्हता. त्याला फसायचं नव्हतं, इतकंच. माझ्यातही तीस वर्षं तोच माणूस बसलेला होता.

"पत्र गेलं का?"

"सही राहिलीये."

"मग राहू द्या. परवा त्यांचा सप्ता बसतोय. संध्याकाळी माझ्या गाडीतनं चला आणि डोळ्यांनी बघा. दूध दुसरीकडं जाताना दिसलं तर तिथंच सही करा, पेन मी देते."

साक्षीनं एकच अट घातली होती. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. साहेब पाहुणे म्हणून आलेत, एवढंच.

दौंडच्या रस्त्यानं आम्ही तिघं निघालो. मी गाडी चालवत होते, साहेब शेजारी, ओंकार मागं गुपचूप. साक्षी आदल्या दिवशीच गावी गेली होती. गावात पोचलो तेव्हा देवळापुढच्या मांडवात हरिपाठ चालला होता. मांडवाच्या कडेला चुलवाणावर भली मोठी कढई चढवलेली, आणि तिच्याजवळ पोत्यावर साक्षीच्याच तोंडवळ्याची एक काटक बाई बसलेली. तिच्यापुढं माणसांची रांग. प्रत्येकाच्या हातात किटली. बाई प्रत्येक किटलीत काचेची डिग्री सोडायची, म्हणजे दुधात पाणी आहे का बघायचं नळकांडं, डोळा बारीक करून बघायची आणि मगच दूध कढईत जायचं. केंद्रावर बघतात तसंच, देवळात.

एका धोतरवाल्या म्हाताऱ्याची किटली तिनं बाजूला सारली. "नाना, डेअरीला चोख घालता आन् देवाला पानी? न्या माघारी."

"आगं, भांडं इसाळलं आसंल सूनबाईनं."

"मग सूनबाईला म्हनावं, उंद्या कोरडं भांडं धाडा."

नाना किटली घेऊन खाली मान घालून हसत गेला. काळे साहेब बघतच राहिले. तेवढ्यात त्यांचं लक्ष कढईत उलथनं फिरवणाऱ्या माणसाकडं गेलं. तो संघाचाच टेम्पोवाला होता.

"तू रे इथं काय करतोस?"

"सप्त्याला आसतोच की, साहेब. संध्याकाळचे कॅन नसत्यात, मग टेम्पो लावतो आन् खीर हालवतो."

"आणि मला कधी बोलला नाहीस?"

"तुमी कधी इचारलं?"

साहेबांनी वाकून कढईत पाहिलं. मग ओंकारच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ती लाल चौकट काढून टाका. पत्र मी फाडतो." ओंकारनं मान हलवली. टेम्पोवाल्याचं उलथनं जरा थांबलं आणि पुन्हा फिरू लागलं. साक्षी मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि पाण्याचे तांबे भरायला पळाली.

पंगत बसली. मी साहेबांच्या डावीकडं, ओंकार उजवीकडं, समोरच्या ओळीत टेम्पोवाला. गव्हाची खीर, गुळाची, वाफाळलेली. मी तीस वर्षांत कितीजणांची कार्डं थांबवली असतील देव जाणे. त्यातल्या एकाच्याही दारात मी कधी गेले नाही, जाऊन जेवण्याची तर गोष्टच सोडा. तो केकवाला म्हातारा मला तिथं आठवला आणि उगीच गलबलून आलं. हे मी घरी सांगितलं तर हे म्हणाले, खिरीत गूळ जास्त झाला असेल.

खिरीवर दूध वाढायला रंजनाबाई स्वतः आल्या, हातात लहान कॅन घेऊन. आमच्यापुढं थांबल्या. साहेबांच्या द्रोणात त्यांनी दूध ओतलं, भरून काठापर्यंत आलं तरी हात थांबेना. साहेबांनी द्रोणावर हात आडवा धरला. "बास, ताई, बास."

"आसं कसं, साहेब. सात दिस तुमच्या वाटंचं दूध आमी देवाला घालतो. तुमी येऊन चाखून जावं आसं लई मनात हुतं." बाईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, हसूही नाही आणि रागही नाही. "घ्या. दोन वरसाचं ऱ्हायलंय तुमचं."

मी साक्षीकडं पाहिलं. तांब्या हातात तसाच धरून तिनं मला मानेनं सांगितलं, मी नाही बोलले. ओंकारही घाबरून मान हलवत होता. समोर टेम्पोवाला कुणाकडं न बघता मन लावून खीर खात होता.

रंजनाबाई कॅन तिरका धरून थांबल्या होत्या. काळे साहेबांनी द्रोणावरचा हात बाजूला घेतला.